वेल, वेलर, वेलेस्ट

सहावीतली भाची इंग्रजीचा गृहपाठ करत होती. फास्ट-फास्टर-फास्टेस्ट झालं, हार्ड-हार्डर-हार्डेस्ट झालं आणि त्याच झोकात तिनं लिहिलं, वेल-वेलर-वेलेस्ट. बाईंची लाल फुली पडल्यावर माझ्यावर धावून आली. "मावशी, 'वेल'मधून 'बेटर' निघालंच कसं?"

निघालंच नाही. 'बेटर' हे 'वेल'च्या घरात दत्तक आलेलं मूल आहे. जुन्या इंग्रजीत 'अधिक चांगल्या रीतीनं' या अर्थी 'बेट' असं क्रियाविशेषण होतं. त्याचं साधं रूप मात्र इंग्रजीत सापडतच नाही. 'वर्स'ची गोष्ट याहून गमतीची. तो 'बॅड', 'बॅडली'पेक्षा जुना. 'बॅड' इंग्रजीत दिसू लागला साधारण 13व्या शतकात. त्याआधी 'वर्स'चा संसार 'ईव्हिल'च्या पूर्वजाशी होता. 'बॅडर'ही काही शतकं चालला, पण 'वर्स'पुढे टिकला नाही. 'फर्दर'चं मूळही 'फार'मध्ये नसून 'पुढे' अर्थाच्या शब्दात आहे. (आपला 'फार' संस्कृत 'स्फार'वरून आलेला, सारखेपणा निव्वळ योगायोगाचा.)

मग हे आडमुठे शब्द सुधारत का नाहीत? कारण ते रोज तोंडात असतात. क्रियापदांबाबत हे मोजलेलं आहे. 2007 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली; त्यांतली आज 98च अनियमित उरली आहेत. वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट वेगानं नियमाला शरण जातं. क्वचित लागणारं रूप आठवत नाही, मग माणूस नियम लावून मोकळा होतो. लहान मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात ते याच वाटेनं. 'केलं' इतकं कानावर पडतं, की 'करलं' फार दिवस टिकत नाही.

हसू नका, आपल्याकडेही हे दत्तकविधान आहे. संस्कृतात 'बाढ' म्हणजे 'बरं, ठीक'. त्याचं पुढचं रूप 'साधीयस्', मग 'साधिष्ठ'. पाणिनीनं अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात याची नोंद केली आहे. तिथेच 'प्रशस्य'चं 'श्रेष्ठ' आणि 'वृद्ध'चं 'ज्येष्ठ' होतं. यातला 'इष्ठ' आणि 'बेस्ट'च्या शेपटीतला 'स्ट' हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज.

पीएमपीच्या बसमध्ये 'ज्येष्ठ नागरिक' ही पाटी दिसली, तेव्हा भाचीला हे सांगितलं. तिनं हिशोब केला: म्हणजे 'सगळ्यांत वृद्ध नागरिक'. मग अख्ख्या बसमध्ये या सीटवर एकच जण बसू शकेल ना?