फ्रेझल व्हर्ब

फ्रेझल व्हर्ब : (इंग्रजी व्याकरण). गिव्ह, पुट, टेक अशा साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट यांसारखे अव्यय जोडून इंग्रजीत होणारे जोडक्रियापद. अर्थ जोडीचा असतो. सुट्या शब्दांवरून तो लागेलच असे नाही. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे, हार मानणे.

परक्यांना ही क्रियापदे फार अवघड जातात, हे इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे आजचे नाव मात्र लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील लेखनातून रूढ झाले.

एकटे ‘पुट’ घेतले तरी पसारा कळतो. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर चढवणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग किंवा दिवा विझवणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘पुट अप’ म्हणजे उभारणे, तसेच पाहुण्याची राहण्याची सोय करणे. त्याला ‘विथ’ जोडले की अर्थ होतो निमूट सोसणे. पुस्तकी इंग्रजी शिकलेल्याला ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ हे लॅटिन वळणाचे शब्द चटकन आठवतात. घरात आणि रस्त्यावर मात्र इंग्रज माणूस ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ असेच बोलतो.

तरीही हा सगळा मनमानी कारभार नाही. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ क्रिया पुरी झाल्याचे सांगतो. मराठीत तेच काम ‘टाकणे’ करते: खाऊन टाक, पिऊन टाक. आपल्याकडे अशी सहायक क्रियापदे अंगवळणी पडलेली असताना शेकडो जोड्यांच्या याद्या घोकायला लावणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. अव्ययाची छटा आधी ओळखायला शिकवावी, मग वाक्ये द्यावीत.

कर्माची जागाही सांभाळावी लागते. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आले की ‘टर्न इट ऑफ’ एवढेच बरोबर. ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळ करणे, ही जोडी मात्र फुटत नाही: ‘लुक आफ्टर हर’.

भारतात काही जोड्यांना वेगळे अर्थ चिकटले. आपल्या सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ होते, म्हणजे वरिष्ठांपुढे सादर होते. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो असे आपण पदवी मिळाल्यावर म्हणतो. लंडनमध्ये ऐकणाऱ्याला सहसा वाटेल की बोलणारा बेशुद्ध पडला होता. तिथे ‘ग्रॅज्युएट’ हेच क्रियापद वापरावे.