चाळीस सेकंद कुणाचे?

मुलाकडे म्हणून अमेरिकेत गेलेले आईवडील ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचा सामना बघायला बसतात आणि अर्ध्या तासात विचारतात, "हे खेळतात कधी?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकन फुटबॉलमधली एक चाल पाच-सहा सेकंदांत संपते. अकरा जण अकरा जणांवर आदळतात, चेंडू घेऊन धावणारा खाली पडतो, शिट्टी वाजते. मग सगळे उठतात, कपडे झटकतात, इकडेतिकडे चालतात. पुढची चाल सुरू करायला आक्रमक संघाला, म्हणजे चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला, ४० सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. सामना तीन तासांहून जास्त चालतो आणि त्यातला बहुतेक वेळ हा असा मोकळा दिसतो.

पण तो मोकळा नसतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या खेळातली सगळ्यात कडाक्याची भांडणं त्या मोकळ्या दिसणाऱ्या वेळावरूनच झाली आहेत.

आधी स्नायूंकडे बघू. १३०-१४० किलोचा बचावपटू समोरच्या तितक्याच अवजड गड्याला रेटतो, तेव्हा त्याच्या स्नायूंना लागणारी ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनची वाट बघत नाही. स्नायूत एटीपी नावाचं तयार इंधन असतं, ते जोरदार कामात दोन-तीन सेकंदच पुरतं. ते संपत आलं की क्रिएटिन फॉस्फेट पुढे येतं आणि एटीपी पुन्हा भरून देतं. पूर्ण जोर लावला तर हा साठाही साधारण दहा सेकंदांचा. म्हणजे फुटबॉलची एक चाल जवळजवळ याच साठ्यावर चालते. घरखर्चासाठी डब्यात ठेवलेले सुटे पैसे म्हणा हवं तर. लगेच हाती येतात, लगेच संपतात.

डबा पुन्हा भरायला मात्र ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो. संपलेल्यापैकी निम्मा साठा भरायला साधारण अर्धा मिनिट, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. माणसागणिक यात बराच फरक पडतो. ज्याची दमश्वासाची क्षमता कमी, त्याचा डबा हळू भरतो, आणि १४० किलोच्या माणसाकडून मॅरेथॉनवाल्याच्या फुप्फुसांची अपेक्षा कुणी करत नाही.

आता एक कागदावरचा हिशेब करू. समजा, प्रत्येक चालीत साठ्यातले १०० पैकी ३० भाग खर्च होतात आणि जे कमी झालं त्यातलं निम्मं दर ३० सेकंदांनी भरून येतं. दोन चालींमध्ये ३५ सेकंद विश्रांती मिळाली, तर खेळाडूचा साठा घसरत घसरत ७६च्या आसपास येऊन स्थिरावतो. चाली कितीही होवोत, प्रत्येक चालीच्या सुरुवातीला त्याच्याकडे पाऊण डबा असतो. विश्रांती फक्त १५ सेकंदांची केली की चित्र पालटतं. दुसऱ्या चालीच्या सुरुवातीला ७९, तिसऱ्याच्या ६४, चौथ्याच्या ५३, पाचव्याच्या ४६, सातव्यापर्यंत ३७. खरं शरीर इतकं सरळ गणित पाळत नाही, पण घसरणीची दिशा हीच असते. प्रत्येक चाल तेवढीच कष्टाची आहे. बदलली आहे ती फक्त मधली उसंत.

मग दमलेल्याला बाहेर काढून ताजा गडी का आत पाठवत नाहीत? इथे बदलीचा नियम येतो, आणि त्याला मोठा इतिहास आहे.

पूर्वी हेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. बाहेर गेलेल्याला परत येण्यावर कडक बंधनं होती. १९४१मध्ये ती सैल झाली. १९४५मध्ये मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांच्यासमोर आर्मीचा, म्हणजे लष्करी अकादमीचा, बलाढ्य संघ होता आणि स्वतःकडे बहुतेक कोवळी पोरं. त्यांनी आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी विभागणी केली. मिशिगन २८-७ असं हरलं, पण बराच वेळ झुंजलं. आर्मीचे प्रशिक्षक रेड ब्लेक यांनी ती कल्पना उचलली आणि 'प्लॅटून' हा लष्करी शब्द या पद्धतीला चिकटला. १९५३मध्ये बदलीवर पुन्हा निर्बंध आले, कारण दुप्पट खेळाडू पोसणं अनेक कॉलेजांना परवडत नव्हतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात ते उठले. आजचे अवजड, एकाच कामाचे तज्ज्ञ असलेले खेळाडू हे या मोकळ्या बदलीचंच अपत्य. दर चालीला माणूस बदलता येतो म्हटल्यावर सामन्याच्या घड्याळाची साठ मिनिटं पुरणारं शरीर कशाला हवं?

मात्र मोकळीक दोघांना सारखी नाही. आक्रमक संघाने माणूस बदलला, तर बचावालाही आपला माणूस बदलायची संधी द्यावी लागते. पंच चेंडूपाशी उभा राहून तोवर चाल सुरू होऊ देत नाही. आक्रमक संघाने कुणालाच बदललं नाही, तर बचावासाठी थांबायला कुणी बांधील नाही. चेंडू जागेवर ठेवला गेला, पंच बाजूला झाला की चाल सुरू. अशा वेळी बचावाने घाईने गडी बदलायला घेतला आणि बाहेर जाणारा कडेच्या रेषेपर्यंत पोचलाच नाही, तर मैदानावर बारा जण सापडतात आणि पाच यार्डांचा दंड बसतो, म्हणजे चेंडू आक्रमकांच्या फायद्याचा तेवढा पुढे सरकतो.

म्हणजे वेगवान आक्रमणाचं खरं हत्यार पाय नाहीत. आपले अकरा जण न बदलणं, हे हत्यार आहे. त्यामुळे समोरचे अकराही मैदानावर कोंडले जातात.

हे तंत्र ओरेगन विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक चिप केली यांनी गाजवलं. २००९ ते २०१२ या चार हंगामांत त्यांच्या संघाने ४६ सामने जिंकले, हरले फक्त ७. चाली दरम्यानचं कोंडाळं, म्हणजे पुढची चाल ठरवायला गड्यांनी गोलात जमणं, त्यांनी जवळपास बंदच केलं. त्या कोंडाळ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८९०च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात पॉल हबर्ड नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, होता. त्याचा संघ हातांच्या खुणांनी बोलायचा आणि प्रतिस्पर्धीही कर्णबधिर असला की खुणा फुटायच्या. म्हणून गडी डोकी जुळवून गोल उभे राहू लागले, असं सांगितलं जातं. खुणा लपवायला जन्मलेलं कोंडाळं ओरेगनने मोडलं आणि खुणा पुन्हा उघड्यावर आणल्या. मैदानाच्या कडेला चौकोनी फलक धरले जात, एकेका फलकावर चार चित्रं. शेजारी दोन-तीन जण वेगवेगळ्या खुणा करत, त्यातला खरा कोण ते फक्त त्यांच्या संघाला ठाऊक.

दमछाक हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा डोक्यात घडतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२मध्ये दाखवलं की समोरचे पर्याय वाढतात तसा प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. पर्याय दुप्पट झाले की वेळात साधारण ठरावीक भर पडते. आक्रमकाला चाल आणि तिचा क्षण, दोन्ही आधी माहीत असतात. बचावपटूला समोरची मांडणी वाचायची असते, कडेच्या प्रशिक्षकाची खूण बघायची असते, शेजाऱ्याला ओरडून सांगायचं असतं. दम लागलेला असताना हे १५ सेकंदांत करायचं. मग चुकतं ते बहुधा उभं राहण्याच्या जागेतच, चाल सुरू होण्याआधी.

दमतात तर आक्रमकही, हा आक्षेप बरोबर आहे. पण आपण केव्हा थांबायचं हे त्यांना ठरवता येतं. घड्याळ त्यांच्या हातात असतं.

ते हातातून काढून घ्यायचा प्रयत्न फेब्रुवारी २०१४मध्ये झाला. नियम समितीने प्रस्ताव मांडला की ४० सेकंदांपैकी पहिल्या दहा सेकंदांत चाल सुरू करायची नाही, त्या वेळात बचावाला माणसं बदलू द्यायची. अपवाद फक्त सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागातल्या शेवटच्या दोन मिनिटांचा. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्सासचे ब्रेट बिलेमा हे तेव्हाचे दोन प्रशिक्षक समितीपुढे बोलून आले होते. दोघांचेही संघ सावकाश, दणकट खेळाचे. ते वर्ष नियम बदलायचं नव्हतं, अशा वर्षी फक्त खेळाडूंच्या सुरक्षेसाठीच बदल करता येत होता. त्यामुळे कारणही सुरक्षेचंच दिलं गेलं.

त्याच महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक खेळाडू तयारीच्या धावण्यात कोसळून मरण पावला होता. तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक होता. बिलेमांनी त्याचा दाखला दिला आणि मोठी टीका ओढवून घेतली. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडे ज्यांनी सिकलसेल तपासणीची शिबिरं पाहिली आहेत त्यांना माहीत असतं की वाहक माणूस एरवी धडधाकट असतो. अति श्रम, उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होणं एकत्र आलं तर मात्र धोका उद्भवतो. अमेरिकी कॉलेज खेळाडूंमधले असे मृत्यू मुख्यतः सरावाच्या सलग धावण्यांत झालेले आहेत, सामन्यांत नव्हे. शरीरशास्त्र खरं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र ओढूनताणून आणलेला होता, असं मला वाटतं. वेगवान खेळाने दुखापती वाढतात याची आकडेवारी दाखवा, असं विरोधक म्हणाले. ती पुढे आली नाही. मार्चच्या सुरुवातीला प्रस्ताव बासनात गेला. पुढच्या काही वर्षांत सेबन यांच्या अलाबामानेही वेग स्वीकारला आणि अजिंक्यपदं जिंकली.

नियम मदतीला येत नाही म्हटल्यावर बचावाने दुसरी युक्ती काढली. जमिनीवर पडायचं, पाय धरायचा. खेळाडू जखमी असला की पंचांना खेळ थांबवावाच लागतो, आणि तेवढ्यात बाकीच्या दहा जणांचे डबे भरतात. हे नाटक इतकं बोकाळलं की २०२५पासून नवा नियम आला. चेंडू पुढच्या चालीसाठी ठेवल्यानंतर कुणी पडला, तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घ्यायच्या मोजक्या संधींपैकी एक, जातो. टाइमआउट उरलाच नसेल तर पाच यार्ड.

आणि ओरेगन? १२ ऑक्टोबर २०२४ला यूजीनमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध शेवटचे दहा सेकंद उरले होते, ओरेगन एका गुणाने पुढे. बचावाला त्यांचे बारा जण उभे राहिले. चाल झाली, बारा जणांपुढे पास फसला, दंडाचे पाच यार्ड ओहायोला मिळाले. पण चार सेकंद घड्याळातून गेले ते गेलेच. उरलेल्या सहा सेकंदांत ओहायोला एकच चाल खेळता आली आणि ओरेगन ३२-३१ने जिंकलं. हे मुद्दाम केलं का, यावर प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांचं उत्तर हसत हसत होकाराकडे झुकणारं होतं. काही दिवसांतच नियमाचा नवा खुलासा निघाला. शेवटच्या दोन मिनिटांत बारावा गडी खेळला, तर घड्याळ मागे नेता येईल.