धोका तव्याच्या खपलीत नव्हे, पाण्यात

नॉनस्टिक तव्याची खपली पोटात गेली की कर्करोग होतो, हा समज अनेक वर्षे फिरत आहे. त्याला पुरावा नाही, कारण टेफ्लॉन या नॉनस्टिक लेपाची ती खपली शरीरात शोषली न जाता बाहेर पडते. चिंता करायची ती टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरल्या गेलेल्या पीएफओए या रसायनाची. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले, आणि सुमारे ६९,००० रहिवाशांच्या तपासणीचा आधार घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला. तव्याच्या चर्चेत ही गावे विसरली जातात, हे मला फार खटकते. पीएफओएमधला कार्बन-फ्लोरिनचा बळकट बंध शरीराला तोडता येत नाही. रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच काही वर्षे जातात. पाणी उकळूनही ते जात नाही.