संत्र्याचा रस आणि कच्चे गाजर : पोषणमूल्यांची तुलना

फळाचा रस आणि कच्ची भाजी यांत जास्त पौष्टिक काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण ते कोणता रस, कोणती भाजी आणि कोणता पोषकघटक यांवर अवलंबून असते. या नोंदीत संत्र्याचा ताजा रस आणि कच्चे गाजर ही जोडी घेतली आहे. दोन्हींचे घटक नीट मोजलेले आहेत, आणि दोन्हींमधले साम्य पाहणाऱ्याला चकवते.

अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक-तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या संत्र्याच्या रसात सुमारे ८८ ग्रॅम पाणी आणि ४५ किलोकॅलरी ऊर्जा असते. १०० ग्रॅम कच्च्या गाजरातही पाणी ८८ ग्रॅमच असते आणि ऊर्जा ४१ किलोकॅलरी. दाताखाली कडकड वाजणारे गाजर आणि पेल्यातला रस यांत पाणी सारखेच आहे, हे एकदम पटत नाही. गाजरातले पाणी पेशींच्या भिंतींआड कोंडलेले असते, रसातले मोकळे झालेले असते. पुढचा बहुतेक फरक या भिंतींमुळेच पडतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोघांची वाटणी स्पष्ट आहे. १०० ग्रॅम रसात क जीवनसत्त्व ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, गाजरात जेमतेम ६ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, म्हणजे एक पेला रस दिवसाची गरज भागवतो. अ जीवनसत्त्वाचे पारडे मात्र पूर्णपणे गाजराकडे झुकते. गाजरात ते तयार स्वरूपात नसते. त्यातील कॅरोटिनांपासून, म्हणजे नारिंगी रंगद्रव्यांपासून, शरीर ते बनवते. १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व), असा हिशेब धरतात. त्याप्रमाणे १०० ग्रॅम नारिंगी गाजरातून सुमारे ८३५ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके अ जीवनसत्त्व मिळू शकते, तर रसातून फक्त १० मायक्रोग्रॅम. फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व रसात जास्त (३० विरुद्ध १९ मायक्रोग्रॅम), पोटॅशियम गाजरात जास्त (३२० विरुद्ध २०० मिलिग्रॅम), कॅल्शियमही गाजरात तिप्पट. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ दोन्हींत नगण्य असल्याने त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

या दोन जीवनसत्त्वांचा शोध एकमेकांत गुंतलेला आहे. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने १७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. पुढे साठवणुकीसाठी लिंडने रस आटवून दाट करण्याची कृती सुचवली, पण आटवताना उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होत असे आणि औषध निकामी ठरत असे. फळाने जे साधले ते त्याच फळाच्या आटवलेल्या रसाने साधले नाही. गाजरातून कॅरोटीन वेगळे केले ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाकेनरोडर यांनी, १८३१ मध्ये. १९३७ साली दोन्ही वाटा नोबेल पारितोषिकापाशी एकत्र आल्या. कॅरोटिनॉइडे व अ जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी पाउल कारर, क जीवनसत्त्वाच्या रसायनासाठी वॉल्टर हॉवर्थ आणि त्याच जीवनसत्त्वाच्या शरीरातील कार्यासाठी आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचा त्या वर्षी गौरव झाला. सेंट-ज्यॉर्जी यांना क जीवनसत्त्वाचा विपुल साठा सापडला तो हंगेरीतल्या लाल मिरचीत. तेव्हा क जीवनसत्त्व म्हणजे आंबट फळ, हे समीकरण अपुरे आहे. गाजराऐवजी ढोबळी मिरची घेतली असती, तर या तुलनेत रस क जीवनसत्त्वातही मागे पडला असता.

आता साखर आणि चोथा. माझ्या मते तुलनेचे मर्म इथेच आहे, आणि जीवनसत्त्वांच्या आकड्यांत रमताना नेमके हेच नजरेतून सुटते. १०० ग्रॅम रसात साखर साधारण ८.४ ग्रॅम, तंतुमय भाग ०.२ ग्रॅम. गाजरात साखर ४.७ ग्रॅम, तंतू २.८ ग्रॅम. पण तंतूंची ही उणीव संत्र्याची नव्हे. सोललेल्या अख्ख्या संत्र्यात १०० ग्रॅमला २.४ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे जवळजवळ गाजराइतकेच. ते जातात गाळणीत. उलट गाजराचा रस काढला, तर त्याचेही बहुतेक तंतू चोथ्याबरोबर निघून जातात. फळ विरुद्ध भाजी असे या तुलनेला म्हटले जाते, प्रत्यक्षात ती पिळलेले विरुद्ध चावलेले अशी आहे.

१९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सफरचंद तीन रूपांत देऊन हेच तपासले होते : अख्खे, वाटलेले आणि रस. रस सर्वांत लवकर पोटात गेला, सर्वांत कमी तृप्ती देऊन गेला आणि त्यानंतर रक्तातले इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली नैसर्गिक साखरही ‘मुक्त साखर’ धरली आहे आणि अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगितले आहे. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. अख्ख्या फळांतली व भाज्यांतली साखर या हिशेबात येत नाही. २५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे २१ ग्रॅम साखर जाते. पेलाभर रसाइतकी ऊर्जा गाजरांतून मिळवायची तर चार-पाच मध्यम गाजरे चावावी लागतील. रसाचा पेला दोन मिनिटांत संपतो, चार गाजरे चावायला बसलेला माणूस तिसऱ्यालाच थांबतो. शंभर ग्रॅमच्या तक्त्यात हे दिसत नाही.

डबाबंद रसाबाबत आणखी एक गोष्ट. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये, दाट अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसांच्या वेष्टनांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला.

गाजराच्या बाजूलाही एक उणीव आहे. कॅरोटीन पेशींच्या भिंतींआड अडकलेले असल्याने कच्च्या गाजरातून त्याचा थोडाच भाग शोषला जातो. बारीक किसल्याने, शिजवल्याने आणि सोबत थोडे तेल-तूप असल्याने शोषण वाढते. त्यामुळे तक्त्यातले ८३५ मायक्रोग्रॅम प्रत्येकाच्या अंगी लागतातच असे नाही. आपली गाजराची कोशिंबीर इथे उपयोगी पडते : किसणीने भिंती फुटतात, फोडणीचे तेल आणि दाण्याचे कूट स्निग्धांश पुरवतात आणि लिंबू थोडी क जीवनसत्त्वाची भर घालते. मीठ घालून कोशिंबीर फार वेळ ठेवली की पाणी सुटते. ते पिळून टाकू नये, कारण पोटॅशियमसारखे विद्राव्य घटक त्यातच उतरलेले असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाने वरचे आकडे घेताना मात्र जपून असावे. तक्त्यातले ‘ऑरेंज’ म्हणजे सिट्रस सायनेन्सिस, आणि आपल्याकडे त्या जातीत मोडते ती मोसंबी. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे सैल सालीच्या मँडरिन गटातले, सिट्रस रेटिक्युलाटा. मँडरिनच्या रसात क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला साधारण ३० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ५० नव्हे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला तर कडवट होतो, ते बिया आणि पांढऱ्या सालीतल्या घटकांपासून हळूहळू तयार होणाऱ्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे. रसवाल्याकडे मोसंबी अधिक दिसण्यामागे हेही एक कारण असावे. गाजराचीही तीच गोष्ट. तक्त्यातले गाजर नारिंगी आहे. हिवाळ्यात येणाऱ्या देशी लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिन या लाल रंगद्रव्याचा, आणि लायकोपिनापासून अ जीवनसत्त्व बनत नाही.

कोणासाठी काय, हे प्रकृतीवर ठरते. ज्वारी-बाजरी आणि पालेभाज्यांतले लोह शोषले जाण्यास क जीवनसत्त्व मदत करते, म्हणून जेवणासोबत घेतलेला थोडा रस किंवा संत्र्याच्या फोडी उपकारक ठरतात. रातांधळेपणा ज्या अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येतो, त्यासाठी भारतात १९७० पासून बालकांना मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आहारातून तो अभाव भरायला संत्र्याचा रस जवळजवळ निरुपयोगी आहे, गाजर आणि हिरव्या पालेभाज्या उपयोगी. एक वर्षाखालील बाळाला रस देऊ नये असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितले, आणि कच्च्या गाजराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा अचानक उतरते, हातपाय थरथरतात, तेव्हा मात्र रसातली जी मोकळी साखर एरवी दोष ठरते तीच कामी येते : शुद्धीवर असलेल्या रुग्णाला सुमारे १५० मिलिलिटर रस दिल्यास १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके झटपट मिळतात. अशा वेळी गाजर चावायला देऊन उपयोग नाही.