लॅकर, ओघळ आणि गनचे तीन स्क्रू

गाडीला लॅकरचा शेवटचा पारदर्शक हात (क्लिअर) देताना पेंटरला दोन गोष्टींची धास्ती असते. बेळगावच्या उद्यमबागेतला असो की निपाणीला हायवेकडेच्या शेडमधला, तो हीच दोन नावं घेईल: दाणा आणि ओघळ. दाणा आला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तुटक उमटतं. ओघळ म्हणजे उभ्या दरवाजावरून लॅकर खाली उतरून तिथंच वाळणं. फवारणीच्या गनला हवेचा, फवाऱ्याच्या रुंदीचा आणि मालाचा, म्हणजे लॅकरचा, असे तीन स्क्रू असतात. नवशिक्या पोराला दाणा दिसला की त्याचा हात पहिल्यांदा माल वाढवणाऱ्या स्क्रूकडे जातो. खरं तर तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे.

गनमधून उडालेले थेंब पत्र्यावर एकमेकांत मिसळतात, तेव्हा बारीक उंचवटे आणि खळगे राहतात. पृष्ठताण त्यांना ओढून सपाट करतो, लॅकरचा दाटपणा त्याला अडवतो. ऑर्चर्ड यांनी 1962 मध्ये याचं सूत्र मांडलं. पातळ थर सपाट होण्याचा वेग जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि दोन उंचवट्यांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. आता ओघळीकडे बघा. उभ्या पत्र्यावरून गुरुत्वाकर्षणानं खाली वाहणारा मालही जाडीच्या घनाच्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे थर दुप्पट केला तर सपाट होणं आठपट वेगानं, आणि ओघळणंही आठपट! जास्त थिनर घालून लॅकर पातळ केलं तरी दोन्ही सारख्याच पटीत वाढतात. पण उंचवट्यांमधलं अंतर निम्मं झालं, तर सपाट होण्याचा वेग सोळापट होतो आणि ओघळीला त्याचा काहीच फायदा मिळत नाही.

हे अंतर कमी करायचं तर थेंब बारीक हवेत, आणि थेंब बारीक करते ती हवा. म्हणून गन लावताना सुरुवात हवेपासून. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबावर चालणाऱ्या गनला आत येणारा दाब साधारण 2 बार, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 29-30 पौंड, लागतो. गनच्या तोंडावरच्या हवेच्या टोपीपाशी तो 10 पौंडांपर्यंत उतरलेला असतो. नेमका आकडा गनबरोबरच्या कागदावरचाच धरावा. दाब बघायचा तो ट्रिगर दाबून, गनच्या मुठीपाशी. भिंतीवरच्या मीटरला 40 दिसत असले तरी लांब, अरुंद पाइपमध्ये त्यातले बरेच गळून जातात. मात्र हवा वाढवत नेणं हाही उपाय नाही. फार बारीक झालेला थेंब वाटेतच थिनर गमावतो, दाट होऊन पत्र्यावर बसतो आणि पुन्हा दाणाच येतो.

क्लिअरसाठी नोझल बहुधा 1.3 किंवा 1.4 मिलिमीटरचं. फवाऱ्याच्या रुंदीचा आणि मालाचा स्क्रू लावताना भिंतीवर कागद चिकटवून एक जुनी परीक्षा करावी. टोपी फिरवून फवारा आडवा करायचा आणि ओघळ येईपर्यंत एकाच जागी मारायचा. सगळ्या ओघळी सारख्या लांबीच्या आल्या तर गन जमली. मध्येच लांब आल्या तर हवा कमी किंवा माल दाट. दोन्ही टोकांना लांब आल्या तर हवा जास्त. मग गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, मनगट न वळवता, सरळ समांतर. वाळलेला थर 50-60 मायक्रॉनचा हवा आणि तो दोन हातांत चढवायचा. मध्ये डब्यावर लिहिलेली पाच-दहा मिनिटं थांबायचं, हे अधीर गिऱ्हाईक समोर उभं असताना अवघड जातं खरं.

खानापूरकडची पावसाळी हवा आणि अथणीकडचा एप्रिल यांना एकच थिनर चालत नाही. उन्हात सावकाश उडणारा लागतो, नाहीतर थर सपाट होण्याआधीच घट्ट होतो. पावसाळ्यात खरा त्रास कॉम्प्रेसरचा. 25 अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 20 ग्रॅम वाफ असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरच्या टाकीत भरली, तर 160 ग्रॅम पाणी आत येतं. गार झाल्यावर त्यातलं जेमतेम 23 ग्रॅम वाफ म्हणून राहू शकतं. बाकीचं टाकीच्या तळाशी आणि पाइपमध्ये. म्हणून जुना पेंटर सकाळी आल्या आल्या पोरावर ओरडतो, "आधी टाकीतलं पाणी सोड की!" टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी मिसळलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात बुडबुडे अडकतात.

हेच आयसोसायनेट फुप्फुसांनाही लागतं. त्यानं जडलेला दमा सहसा जात नाही आणि एकदा अंगानं ते धरलं की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही धाप लागते. वास येईपर्यंत ते धोक्याच्या पातळीवर गेलेलं असू शकतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बंद शेडमध्ये मारायचं तर बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, आणि हातमोजे व चष्मा.