सशांचा सुका रानचारा (कोकण)

पाळीव सशांना वर्षभर पुरावा म्हणून सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार), शेताचे बांध आणि परसू येथे आपोआप उगवणारे गवत व झाडपाला कापून, सुकवून साठवण्याची रीत. कोकणात गुरांसाठी गवत कापून त्याच्या उडव्या, म्हणजे गंजी, रचण्याची पद्धत जुनी आहे आणि सशांचा चारा हा तिचाच एक लहानसा फाटा आहे. मात्र त्याची निवड निराळी आणि वेळही निराळी. गुरांचे गवत सहसा भातकापणी उरकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे कापले जाते. सशाच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो. हा सुमारे महिन्याभराचा फरक ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याची उडवी कितीही उंच असली तरी त्यातले थोडेच सशाच्या उपयोगी पडते.

येथे ससा म्हणजे पिंजऱ्यात किंवा पडवीत पाळला जाणारा, मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातील (स्पेन-पोर्तुगाल) ससा होय. सड्यावर संध्याकाळी दिसणारा, मालवणीत ‘ससो’ म्हणून ओळखला जाणारा रानससा ही वेगळी जात असून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. दोघेही गवतावर जगतात, पण रानसशाला कोवळे काय नि जून काय ते स्वतः निवडता येते. पाळीव सशापुढे जे टाकले जाईल त्यातूनच त्याला निवड करावी लागते.

सुक्या गवताची गरज सशाच्या शरीररचनेतून येते. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात आणि लांब, चिवट काड्या तासन् तास चघळल्यानेच ते झिजतात. पचन मुख्यतः अंधनालेत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत, सूक्ष्म जीवांच्या मदतीने होते. तिथे आंबवलेला अंश मऊ लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि ससा तो पुन्हा खातो. आतडे हालते ठेवायला धागेदार अन्न सतत लागते. ते कमी पडले की आतडे मंदावते, पोटात वायू धरतो, आणि सशाला ओकारी काढता येत नसल्यामुळे बिघाड थोड्या तासांत जिवावर बेततो. म्हणून आहाराचा साधारण चार पंचमांश भाग गवताचा असावा असे मानले जाते. शहरांतून मिळणारे टिमोथी गवत हे थंड प्रदेशातले असल्याने कोकणात पिकत नाही, आणि बाहेरून आलेल्या पाकिटांचा खर्च पाहता घरामागच्या गवताकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

गरज किती, याचा हिशेब सोपा आहे. २ किलो वजनाच्या सशाला दिवसाला ६० ते १०० ग्रॅम सुके गवत लागते. नुसते पावसाळ्याचे, जून ते सप्टेंबर हे चार महिने धरले तर एका सशासाठी सुमारे १० किलो साठा हवा. कोवळ्या हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, त्यामुळे तेवढ्यासाठी साधारण ४० किलो हिरवे गवत कापावे लागते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी मीठ, मिरची, सुकी मासळी आणि लाकूडफाटा भरून ठेवणाऱ्या घराला ही बेगमी अवघड नाही. अडचण येते ती हवेची.

कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. गवत सर्वांत कोवळे व पौष्टिक असते ते श्रावण-भाद्रपदात, आणि नेमके तेव्हाच ते वाळवता येत नाही. उलट मार्गशीर्षात ऊन कडक व हवा कोरडी असते, पण गवताचे काड झालेले असते. या दोहोंमधली फट साधारण नवरात्रापासून दिवाळीपर्यंतची. त्यातही परतीचा पाऊस दुपारनंतर अवचित गडगडाट करून येतो, आणि हळवी (लवकर पिकणारी) भाते कापणीला आल्यामुळे घरातली सगळी माणसे शेतावर असतात. म्हणून सशाचा चारा एकदम कापला जात नाही. सकाळी दोन पेंड्या, दुसऱ्या दिवशी आणखी दोन, असा तो जमवला जातो. एक-दोन सशांच्या घराला तेवढे पुरतेही.

घाई करण्याचे दुसरे कारण म्हणजे कुसळ. कोकणातील सड्यांवर आणि डोंगरउतारांवर कुसळी गवत विपुल आहे. फुलोऱ्याआधी कापले तर ते बरा चारा देते, पण दाणे पिकल्यावर ते सशासाठी धोक्याचे बनते. पिकलेले कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर त्याचा पिळदार शेपटा उलगडत गोल फिरू लागतो. दाण्याचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे ताठ केस मागे वळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यागणिक तो पुढे सरकतो, मागे येत नाही. बी जमिनीत रुतावे म्हणून असलेली ही करामत सशाच्या ओल्या तोंडात, डोळ्याच्या कडेला किंवा पायाच्या केसांत तशीच चालते आणि तिथे गळू धरते. गुरांच्या उडवीतले गवत आणून सशापुढे टाकू नये याचे मुख्य कारण हेच आहे. नाइलाज असेल तर मूठ-मूठ घेऊन शेंड्याकडचा भाग कापून टाकावा लागतो, आणि त्या कामात जाणारा वेळ पाहता ऑक्टोबरात कापलेले बरे होते असे वाटतेच.

गवतांपैकी हरळी म्हणजेच दूर्वा सर्वांत निर्धोक. ती बारीक असल्याने लवकर वाळते, रंग टिकवते, आणि गणपतीच्या निमित्ताने ती ओळखायला सगळ्यांनाच येते. मारवेल आणि पवन्या ही गवतेही चांगली. भाताचा पेंढा घरोघरी असतो, पण त्यात प्रथिने अत्यल्प आणि सिलिकेचे प्रमाण जास्त. तो अंथरुणासाठी ठीक, मुख्य चारा म्हणून नव्हे. रुंद पानांच्या तणांपैकी दगडी पाला, ज्याला एकदांडीही म्हणतात, ससे आवडीने खातात आणि पश्चिम आफ्रिकेत तो सशांचा चारा म्हणून परिचित आहे. केना ताजा देता येतो, परंतु त्याच्या रसदार देठांमुळे तो सुकण्याआधी काळा पडतो. सशांच्या चाऱ्याच्या परदेशी याद्यांत वरच्या क्रमांकावर असणारे डँडेलियन हे पिवळ्या फुलांचे तण कोकण किनाऱ्यावर सापडत नाही. वाळूत पसरणारी पाथरीची एक जात त्याच कुळातली आहे, मात्र ती सुकवण्याइतकी एका जागी मिळत नाही.

झाडपाल्याचा हंगाम वेगळा, माघ ते चैत्र. बांबूची पाने सावलीत दोन दिवसांत कडकडीत होतात आणि सुकल्यावरही हिरवी राहतात, त्यामुळे त्यांचा साठा करणे सर्वांत सोयीचे. जास्वंद, तुती आणि पेरू यांचा पालाही चालतो. फणसाचा पाला शेळ्यांप्रमाणे ससेही खातात, पण तो चामड्यासारखा वाळत असल्याने ताजा किंवा किंचित कोमेजलेलाच द्यावा. शेवग्याची पाने पंचावर पसरून सावलीत सुकवली की पाने आपोआप देठावरून झडतात. त्यांत प्रथिने व कॅल्शियम भरपूर असते. सशाच्या शरीरातले जादा कॅल्शियम लघवीवाटे जात असल्याने ती चिमूटभरच घालावी, नाहीतर मूत्राशयात गाळ साचतो.

वर्ज्य वनस्पतींची ओळख हा या कामाचा सर्वांत जोखमीचा भाग आहे. जे माणसाला चालते ते सशाला चालते, हा समज पावसाळी रानभाज्यांच्या बाबतीत फसतो. शेवळ आणि अळू यांतील सुईसारखे स्फटिक माणूस चिंच, आमसूल किंवा काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालून, शिजवून काबूत आणतो. कच्च्या पानाने सशाचे तोंड सोलवटते. टाकळ्याची कोवळी भाजी घरोघरी होते, पण त्याच्या पानांत रेचक द्रव्ये असतात आणि बिया जनावरांना विषारी ठरतात. लाजाळू आणि सुबाभूळ या दोहोंत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, त्याने केस गळतात. घाणेरी, रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, मोगली एरंड, गुंज, काजरा आणि रानमोडी यांचे एखादे पानही पेंडीत येता कामा नये. आंबा व काजू या कुळातला चीक दाहक असल्यामुळे त्यांचा पालाही टाळतात. कळलावी कुंपणातल्या गवतातूनच वर चढते; फूल नसले तरी तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते, त्यावरून ती ओळखता येते. वाळवल्याने या वनस्पतींचे विष जाते असे समजणे चूक आहे. घाणेरी व कण्हेर यांची सुकी पानेही विषारीच राहतात. हिरवेपणी उग्र वासामुळे ससा जे पान बाजूला सारतो तेच सुकून, चुरा होऊन गवतात मिसळले की त्याला वेगळे काढता येत नाही.

वनस्पती योग्य असली तरी जागा चुकीची असू शकते. हापूसच्या बागांत मोहोर धरल्यापासून फळ तयार होईपर्यंत कीटकनाशकांच्या फवारण्या चालतात आणि झाडाखालचे गवत त्या सगळ्यांखाली भिजते. काजूच्या बागांत तणनाशक मारलेले असण्याची शक्यता असते. मालकाला विचारल्याशिवाय बागेतले गवत घेऊ नये, हे सौजन्य म्हणून तर आहेच, पण फवारणीची तारीख त्यालाच ठाऊक असते म्हणूनही आहे. देवराईतून काडीही न उचलण्याची रीत बहुतेक गावांत पाळली जाते. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्याच गवतात दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, म्हणून तिथे गवत उपटू नये, विळ्याने चार बोटे वर कापावे. सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो, दगडाच्या रंगात मिसळून गेलेला. हात घालण्याआधी काठीने गवत हलवून घेण्याची सवय जुन्या माणसांना असते ती उगाच नव्हे. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा रोग गोचिडीमार्फत पसरतो. हिवाळा-उन्हाळ्यात तिथल्या जंगलातून झाडपाला आणणे टाळावे हेच शहाणपणाचे.

सुकवण्यासाठी खळे उत्तम. शेणाने सारवलेल्या खळ्यावर मात्र चारा थेट न पसरता खाली चटई किंवा जुने लुगडे घालतात. दव उतरल्यावर, म्हणजे नऊनंतर गवत कापून ते दोन बोटे जाडीच्या थरात पसरावे, दुपारी एकदा परतावे आणि दिवेलागणीपूर्वी आत घ्यावे. दसऱ्यानंतर रात्री दव इतके पडते की दिवसभराचे वाळवण एका रात्रीत पुन्हा ओलावते. पहिला दिवस उन्हात, पुढचे दोन पडवीत वाऱ्यावर, असा क्रम ठेवला तर पाने हिरवट राहतात. सतत कडक उन्हात ठेवलेले गवत पांढरे पडते आणि त्यातले कॅरोटीन नष्ट होते. मासळीच्या वाळवणाशेजारी गवत पसरू नये, कारण वास धरलेल्या गवताला ससा तोंड लावत नाही.

गवत वाळले की नाही हे पानावरून ठरवू नये, पान फसवते. काडीचे पेर नखाने दाबून पाहावे; आत गारवा किंवा मऊपणा लागला तर ओल शिल्लक आहे. मूठभर गवत पिळल्यावर काड्या कडकड मोडल्या पाहिजेत, नुसत्या वाकता कामा नयेत. थंड देशांत बरणीत गवत आणि मीठ घालून हलवतात आणि मिठाच्या गुठळ्या झाल्या तर गवत ओले समजतात. कोकणात आश्विनातल्या हवेने मीठ स्वतःच पाणी सोडते, तेव्हा ही परीक्षा करायचीच असेल तर मीठ आधी तव्यावर भाजून घ्यावे लागते. साठवणीच्या गवतात ओल १५ टक्क्यांच्या आत असावी. त्याहून जास्त असली तर ढीग आतून तापतो, नंतर बुरशी धरतो. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला ससा फार नाजूक आहे. बुरशी नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. पेंडी झटकल्यावर धूर उडावा तशी धूळ उडाली, किंवा कोंदट वास आला, तर ती सगळीच टाकून द्यावी, वरचे काढून खालचे वापरू नये.

साठवणीसाठी माळा बरा, पण चुलीच्या वरचा नव्हे. तिथे गवत कोरडे राहते खरे, मात्र धुराने माखते. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत उरलीसुरली ओल कोंडली जाते, म्हणून गोणपाटाच्या किंवा जुन्या सुती चादरीच्या गाठोड्यात बांधून ती जमिनीपासून व भिंतीपासून हातभर अंतरावर टांगतात. टांगण्याने उंदीर दूर राहतात. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप ऐकू येतो आणि उंदराची लघवी हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, म्हणून लेंड्या आढळलेला ओलसर चारा सशाला घालू नये आणि उघड्या हातांनी हाताळूही नये.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर कोवळे गवत दिसू लागते आणि साठ्याकडे दुर्लक्ष होते. सहा-सात महिने सुक्यावर राहिलेल्या सशाला एकदम पाणीदार गवत घातल्यास हगवण लागते. सुरुवातीला मूठभर, तेही निथळून व पडवीत अर्धा दिवस कोमेजवून द्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. सुके गवत मात्र पावसाळाभर पुढ्यात ठेवावेच. गाठोडी एकावेळी एकच सोडतात, कारण आषाढाच्या हवेत उघडे गवत दोन-तीन दिवसांत मऊ पडते. मऊ पडलेले पण वास न आलेले गवत कोमट तव्यावर किंवा उबदार चुलीशेजारी थोडा वेळ ठेवले की पुन्हा खडखडीत होते. नवरात्रात जे शिल्लक उरते ते नव्या गवतात न मिसळता माडाच्या आळ्यात टाकतात.