भुतापेक्षा गाव भारी: चित्रकादंबरीतल्या लोकभयाची पार्श्वभूमी

नाशिकच्या नावाची गोष्ट इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळते. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नासिक. हीच गोष्ट रानाच्या बाजूने सांगून बघा: दंडकारण्यात परके येतात, कुटी बांधतात, रानातली बाई समोर येते आणि रक्त सांडतं. परका माणूस, जुनी जागा आणि त्याला ठाऊक नसलेले तिथले नियम. फोक हॉररला, म्हणजे लोकभयकथेला, एवढंच लागतं.

हा शब्द सर्वतोमुखी झाला तो २०१० साली, मार्क गॅटिस यांच्या बीबीसीवरच्या माहितीपट मालिकेमुळे. त्यांनी १९६८ ते १९७३ या काळातले तीन ब्रिटिश चित्रपट एका माळेत ओवले. त्यातल्या ‘द विकर मॅन’मध्ये हरवलेल्या मुलीच्या शोधात एक पोलीस बेटावर येतो आणि सगळं गाव त्याच्याशी गोड बोलतं. भूत कुठेच नाही, आणि तरी अंगावर काटा येतो.

कॉमिक्सची वाट वेगळी होती. अमेरिकेत १९५०च्या सुमारास भयकॉमिक्स धडाक्यात खपत. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. नावात ‘हॉरर’ शब्द चालेना, रक्तपिपासू पिशाच्चं हद्दपार. १९७१मध्ये ही गाठ सैल झाली आणि त्याच वर्षी कॉमिक्समधला राक्षस ‘स्वॅम्प थिंग’ दलदलीतून वर आला. पुढे माइक मिग्नोला यांच्या ‘हेलबॉय’ या कॉमिक्समध्ये रशियन लोककथांतली चेटकीण बाबा यागासुद्धा येऊन गेली.

मला मात्र जपानचा धागा जास्त जवळचा वाटतो. शिगेरू मिझुकी यांनी भुताखेतांच्या गोष्टी लहानपणी गावातल्या एका म्हातारीकडून ऐकल्या. मांगाकडे, म्हणजे जपानी कॉमिक्सकडे, वळण्याआधी ते कामिशिबाईची चित्रं काढत: लाकडी चौकट, चित्रांचे पुठ्ठे आणि रस्त्यावर उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस. स्मशानात जन्मलेला त्यांचा कितारो या पुठ्ठ्यांतूनच छापील पानावर आला. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हेच करत आले. एकेक चित्र पुढे धरायचं आणि कथा गायची. पण ती चित्रं छापखान्यापर्यंत पोचून मराठी कॉमिक्स झाली नाहीत. मराठी भय नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या अक्षरांत वाढलं. मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा यांचे चेहरे ज्याचे त्याने मनात रंगवले.

नाशिक जिल्ह्यात चेहरे तयारच होते. वाघबारशीला पुजला जाणारा वाघदेव बघा: उभ्या फळीवर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले, वर शेंदूर. चित्रकादंबरीचं पानच ते. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीत गव्हाच्या पिठाच्या नागावर अंत्यसंस्कार होतात, मारलेल्या नागाचं पाप फिटावं म्हणून. हे कोणा लेखकाने रचलं असतं तर ‘जरा जास्तच झालं’ म्हणालो असतो.

सुरगाणा, पेठ या आदिवासी पट्ट्यात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. संबळाच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगं नाचतात: आधी गणपती, मग बाकीचे देव, राक्षस, शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. बाहेरच्या चित्रकाराला इथे मोह होणारच. मशालीचा उजेड, मोठाले डोळे, मागे काळा डोंगर, झाली भयकथा. पण इथे परका तो चित्रकार आहे. ज्यांच्या घरी सोंग असतं त्यांच्या लेखी तो देव. रावणाच्या मुखवट्यालाही नाचायला काढण्याआधी हात जोडतात.